माझ्या सहीसाठी थांबलेला मुनीर

मुनीर गेल्याची बातमी मला परदेशातून आली. कशेळीच्या गोदामात मी दुपारचा डबा उघडून बसलो होतो, भेंडीची भाजी होती, आणि मोबाइलवर एक ईमेल आला. पाठवणारा सातासमुद्रापलीकडचा कुणी प्रोग्रामर. त्याला मी कधी पाहिलेलं नाही, फक्त नाव ओळखीचं. त्याने लिहिलं होतं, ‘तुमच्या मित्राच्या निधनाबद्दल ऐकून फार वाईट वाटलं. तुम्ही दोघं एकाच गावचे, म्हणून मुद्दाम तुम्हाला लिहितो आहे.’ मी ते दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, दुसऱ्या कुणाचा मेल चुकून इकडे आला. कोणता मित्र? मग खाली त्याने जोडलेल्या दोन ओळी दिसल्या. मुनीरच्या पत्त्यावरून त्याच्या मुलीने, सबाने, लिहिलेल्या: ‘माझे वडील काल सकाळी वारले. यापुढे या पत्त्यावरून उत्तर येणार नाही.’ काल सकाळी… आमच्या दोघांच्या घरांत दोन किलोमीटरचं अंतर आहे. काल संध्याकाळी मी नारपोलीच्या नाक्यावर उभा राहून भेंडी घेतली, भावावरून घासाघीस केली, त्या वेळी त्याला माती देऊन लोक परत येत असणार. तीच भेंडी माझ्या पुढ्यात होती. झाकण लावलं आणि डबा तसाच पिशवीत टाकला.

भिवंडीत बातमी लपत नाही. कुणाच्या घरी कोणती भाजी शिजली हेसुद्धा इथे चहाच्या टपरीवर कळतं. पण ही बातमी मला कुणी दिली नाही, आणि त्यात कुणाची चूक नव्हती. चौदा महिने मी मुनीरशी बोललो नव्हतो. लोकांना ते माहीत होतं. त्याचं नाव निघालं की मी विषय बदलतो, हेही माहीत होतं. मग कोण कशाला फोन करणार? स्कूटर काढली. कशेळीहून गावात यायचं म्हणजे ट्रेलरच्या रांगेतून वाट काढायची, एरवी मी त्या रस्त्याला शिव्या देत येतो. त्या दिवशी कसा आलो ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की त्याच्या गल्लीत शिरलो तेव्हा आजूबाजूचे सगळे लूम, म्हणजे यंत्रमाग, खडखडत होते आणि फक्त त्याच्या कारखान्यातले बंद होते. त्या गोंगाटात एवढीच एक जागा गप्प. दाराशी चपलांचा ढीग. त्याचा जुना कारीगर, उत्तरेकडचा, मुनीरच्या वडिलांच्या वेळेपासूनचा, मला बघून उठला आणि म्हणाला, “सेठ सीढ़ी पे बैठे, बोले पानी दे दो। मैं पानी लेके आया तब तक…” मुनीर बावन्न वर्षांचा होता. वरच्या खोलीतून खाली लूमवर निघाला होता, मध्येच तिसऱ्या पायरीवर बसला, आणि संपलं. आजार नाही, दवाखाना नाही, काही नाही.

तिथे बसलेल्यांपैकी एक सद्गृहस्थ मला म्हणाले, “बघा ना, आयुष्यभर मशीनचा ताप मोजला आणि स्वतःचा मोजायचा राहून गेला.” नंतर हेच वाक्य मी आणखी तिघांच्या तोंडून ऐकलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मुनीर दर सहा महिन्यांनी रक्त तपासून घ्यायचा, मैलभर चालायचा, सिगारेटला कधी हात लावला नाही. माणूस असा अचानक गेला की लोकांना काहीतरी सुबक बोलायचं असतं. मी त्याच्या मातीलाही पोचलो नव्हतो.

मुनीर मशीनचा ताप मोजायचा म्हणजे काय, ते सांगायला हवं, कारण ते त्याच्या घरच्यांनाही धड सांगता येत नाही. कॉम्प्युटरच्या आत बोर्डावर बारक्या चिप असतात. कुठला भाग किती तापला, पंखा किती वेगाने फिरतोय, वीज किती दाबाने येतेय, ते या चिप मोजतात. पण चिपची भाषा ऑपरेटिंग सिस्टीमला कळत नाही. मध्ये एक दुभाषा लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात, आणि असे हजारो ड्रायव्हर ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नेलमध्ये, असतात. हे सगळं कुणा एका कंपनीचं नाही. जगभरातली माणसं आपापल्या घरी बसून ते लिहितात, एकमेकांना ईमेलने पाठवतात, भांडतात, दुरुस्त करतात. आमच्या नारपोलीतला एक लूमवाला त्यांतल्या एका ड्रायव्हरचा राखणदार होता. त्या ड्रायव्हरमध्ये कुणाला काही बदलायचं तर आधी मुनीरला विचारावं लागे. हे भिवंडीत पाच माणसांनाही ठाऊक नसेल.

आम्ही दोघं पॉलिटेक्निकला एका बाकावर होतो. माझे वडील शाळामास्तर, त्याच्या घरी तीन पिढ्यांचे लूम. मी नोकरीला लागलो, तो वडिलांच्या मागे कारखान्यात गेला, आणि तिथे डिझाइनसाठी त्याने एक कॉम्प्युटर आणून ठेवला. आता लूमच्या शेजारी कॉम्प्युटर म्हणजे काय होणार? सुताची धूळ उडते, पंख्यात जाऊन बसते, पंखा मंदावतो, मशीन तापून बंद पडतं. पंख्याचा वेग दिसला असता तर आधीच कळलं असतं, पण त्या चिपसाठी ड्रायव्हरच नव्हता. दुसरा कुणी असता तर त्याने नवा कॉम्प्युटर घेतला असता. मुनीरने पुस्तकं आणली. दोन पावसाळे गेले, आणि त्याने स्वतः ड्रायव्हर लिहून जगापुढे पाठवला. तो ड्रायव्हर परत आला. मुनीरने ड्रायव्हरच्या नावात शेवटच्या आकड्याच्या जागी एक्स टाकला होता, म्हणजे या कुटुंबातल्या सगळ्या चिप यात आल्या, अशा हिशेबाने. उत्तर आलं, असं चालणार नाही, जी चिप तुमच्या हातात आहे तिचंच नाव द्या, उद्या त्याच कुटुंबात एखादी निराळ्याच स्वभावाची चिप निघाली तर काय कराल? मला वाटलं हा चिडेल. मुनीर तो मेल घेऊन नाचत माझ्याकडे आला. “सत्या, बघ. माझ्या एका अक्षरासाठी एवढा मोठा मेल लिवलाय त्याने. इथं गठ्ठाभर कापड खराब निघालं तरी कोण विचारत न्हाय.”

त्या दिवसापासून ते नियम त्याच्या अंगात भिनले. ते नियम आहेतही तसे मजेशीर. तापमानाच्या जागा एकपासून मोजायच्या, विजेच्या शून्यापासून. का, तर पूर्वीपासून तसं आहे म्हणून. तापमान अंशाच्या हजाराव्या भागात सांगायचं, म्हणजे पंचेचाळीस अंश असेल तर पंचेचाळीस हजार. चिपमध्ये जे नाही ते दाखवायचं नाही. सेन्सर बिघडला असेल तर अंदाजे आकडा द्यायचा नाही, सरळ बिघडला म्हणून सांगायचं. आणि सर्वांत मोठा नियम: एखाद्या आकड्यापुढे ‘हा प्रोसेसर’, ‘हा वीजपुरवठा’ अशी चिठ्ठी लावायची ती तुम्हाला पक्कं माहीत असेल तरच. नसेल तर नुसतं एक, दोन, तीन. मुनीर नवख्या लोकांचे पॅच, म्हणजे त्यांनी पाठवलेले बदल, असे तपासायचा जसे त्याचे वडील कापडाचे ताके तपासायचे, उजेडापुढे धरून, एकेक धागा. मी हसायचो. म्हणायचो, अरे, पगार नाही, भत्ता नाही, कुणासाठी करतोस? तो म्हणायचा, “कोण तरी तो आकडा वाचणार हाय ना?” मग परत कामाला लागायचा, मी समोर बसलोय हे विसरून.

पक्कं माहीत करून घ्यायची त्याची रीत कुठल्या पुस्तकात नव्हती. त्याने घरातला एक स्टीलचा चमचा घेऊन त्याला टोकापर्यंत चिकटपट्टी गुंडाळली होती, विजेचा धक्का लागू नये म्हणून, आणि तो चमचा फ्रीजरमध्ये मटणाच्या पिशवीशेजारी ठेवलेला असे. नवा बोर्ड आला की थंडगार चमचा बाहेर काढायचा, बोर्डाच्या एकेका जागी मिनिटभर टेकवायचा आणि पडद्यावर कुठला आकडा खाली येतो ते बघायचं. जो उतरला तो या जागेचा. बस. त्याची बायको, आमच्या भाभी, कुरकुर करायच्या, की पाहुण्यांसमोर फ्रीजर उघडायची लाज वाटते. पण चमचा तिथेच राहिला.

आता माझी गोष्ट. मी ज्या कंपनीत होतो ती भिवंडीतून गाशा गुंडाळून गेली आणि एकोणपन्नासाव्या वर्षी मी घरी बसलो. त्या वयात मुलाखतीला गेलं की समोरचे आपल्या केसांकडे बघतात. मुनीर एक दिवस आला, हातात एक बोर्ड. गोदामांत शीतखोल्या चालवणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये हा बोर्ड सर्रास वापरतात. म्हणाला, “याच्यावर तीच चिप हाय. ड्रायव्हरमध्ये याची भर तू घाल. कर्नेलमध्ये नाव आलं की लोक वयाचं विचारणार न्हाईत.” मी केलं. मन लावून केलं. फक्त शेवटी चिठ्ठ्या लावायच्या होत्या, दुसरी जागा कशाची, तिसरी कशाची. तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या एका बोर्डाची माहिती माझ्याकडे होती, ती पाहून मी लिहून टाकलं: दुसरी प्रोसेसरची, तिसरी वीजपुरवठ्याची. मुनीरने वाचलं आणि विचारलं, “चमचा लावलास?” मी म्हटलं, “हो, लावला.”

नव्हता लावला. आमच्या फ्रीजरमध्ये चमचा ठेवायचा मला कंटाळा आला होता, एवढंच खरं कारण आहे. दोन दिवसांनी मुलाखत होती आणि त्याआधी पॅच पुढे जायला हवा होता. मुनीरने पुन्हा विचारलं नाही. इतरांचं एकेक अक्षर तपासणाऱ्या माणसाने माझ्या शब्दावर माझ्या नावाखाली आपली सही केली. कशेळीच्या गोदामातली ही नोकरी मला त्या पॅचवर मिळाली. पहिल्या दिवशी साहेबांनी चार जणांना बोलावून माझं नाव पडद्यावर दाखवलं होतं.

सहा-सात महिन्यांनी लांबच्या कुठल्या देशातून तक्रार आली. तिथे हाच बोर्ड होता, आणि ‘प्रोसेसर’ फार तापला असं समजून त्यांची मशीन स्वतःहून बंद पडत होती. प्रोसेसर थंड होता. तापत होता तो वीजपुरवठ्याचा भाग, तो तापतोच. मी दोन्ही चिठ्ठ्या उलट्या लावल्या होत्या. मुनीरने चमचा लावून पाहिलं असणार. दुसऱ्या दिवशी त्याने दुरुस्ती पाठवली, चुकीच्या चिठ्ठ्या काढून टाकणारी, आणि तिच्या तळाशी रीतीप्रमाणे एक ओळ: ही दुरुस्ती अमुक पॅचमधल्या चुकीची आहे. त्या पॅचचा क्रमांक, त्याचं शीर्षक. तो पॅच उघडला की वर माझं नाव. ही तिथली रीत आहे, त्यात कुणाला नावं ठेवायचा हेतू नसतो, चूक कुठून आली ते पुढच्याला कळावं म्हणून लिहितात. मला ते चांगलं माहीत होतं. पण साहेबांनीही ते वाचलं. ते नुसते माझ्याकडे बघून हसले, आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

मी मुनीरला फोन लावला. म्हणालो, तू दोन किलोमीटरवर राहतोस, आधी येऊन सांगता आलं नाही? जगाला सांगायच्या आधी मला सांगायचंस. मागे लूम चालू होते. तो म्हणाला, “आलो असतो तर तू म्हणाला असतास, माझा उल्लेख नको करू. आणि मला तुला न्हाय म्हणता आलं नसतं.” मी म्हटलं, म्हणजे तुझ्या त्या चिपपुढे मित्र काही नाही. ‘तू खोटं बोललास’, एवढं तो म्हणू शकला असता. मी फोन कानाला लावून त्याच वाक्याची वाट बघत होतो, म्हणजे मग मलाही मनसोक्त भांडता आलं असतं. तो म्हणाला नाही. मी फोन ठेवला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच, पण तेव्हा मला तसं वाटत नव्हतं. तेव्हा वाटत होतं की अपमान माझा झालाय आणि पहिलं पाऊल त्याने टाकायचं.

ईदला त्याच्याकडून डबा यायचा तो त्या वर्षीही आला. माझ्या बायकोने तो घेतला, डब्यात करंज्या भरून परत पाठवला, आणि मला म्हणाली, “तुम्ही पुरुष असे असले की दोन घरांचं नातं डब्यांना सांभाळावं लागतं.” मी पेपर वाचत होतो. पेपरातून तोंड वर काढलं नाही.

मुनीर गेल्यानंतर आठवड्याने मी एक गोष्ट केली जी चौदा महिन्यांपूर्वीच करायला हवी होती. त्या भांडणाच्या दिवशी मी माझ्या मेलमध्ये एक सोय करून ठेवली होती, मुनीरकडून आलेलं, त्याच्या ड्रायव्हरबद्दलचं सगळं परस्पर एका वेगळ्या कप्प्यात जाईल, मला दिसणारसुद्धा नाही. तो कप्पा उघडला. मला वाटलं होतं, चार-दोन रागाचे मेल असतील. किंवा काहीच नसेल, ती भीती जास्त होती. कप्प्यात एकतीस मेल होते.

पहिला मेल भांडणानंतर नऊ दिवसांचा. त्यात पॅच होता: त्या बोर्डाच्या बरोबर चिठ्ठ्या, तिसरी प्रोसेसर, दुसरी वीजपुरवठा. सगळा मुनीरने लिहिलेला, त्याची मांडणी मी डोळे मिटून ओळखीन. पण लेखक म्हणून वर नाव माझं होतं. खाली त्याने लिहिलं होतं, ‘हे मूळ काम सतीशचं आहे, मी फक्त दोन ओळींची अदलाबदल केली. सतीश, एकदा तपासून तुझी सही पाठव.’ कर्नेलमध्ये लेखकाची सही असल्याशिवाय पॅच आत जात नाही. त्याची एक ओळ असते, मी हे लिहिलं, माझी जबाबदारी. ती ओळ मुनीर माझ्या वतीने लिहू शकत नव्हता. बाकी सगळं त्याने करून ठेवलं होतं. माझ्या नावावर चूक लागली होती, तिच्या खालोखाल दुरुस्तीही माझ्याच नावाने लागावी, जो कुणी पुढे वाचेल त्याला दोन्ही दिसावं… मला एक ओळ टाइप करायची होती.

पुढचे मेल मी एका बैठकीत वाचू शकलो नाही. त्यांतले काही मला होते: ‘सतीश, सवडीने बघ.’ बाकीचे इतरांना दिलेली उत्तरं, नियमाप्रमाणे मला प्रत पाठवलेली. कुणीतरी विचारतो, हा पॅच का अडलाय? मुनीर लिहितो, लेखकाच्या सहीची वाट आहे. तीन महिन्यांनी दुसरा कुणी चिडून लिहितो, आमची मशीन या चिठ्ठ्यांवाचून अडली आहेत, तुम्हीच लिहिलंय हे उघड दिसतंय, तुमचं नाव घाला आणि मोकळे व्हा. मुनीर लिहितो, ‘काम त्याचं आहे. मी थांबेन.’ मग त्याच्यापेक्षा मोठा एक राखणदार समजावतो, की वर्ष होत आलं, एका माणसासाठी सगळ्यांना ताटकळत ठेवणं बरं नाही. त्यालाही हेच उत्तर, फक्त थोडं मऊ: ‘तो चांगला माणूस आहे. येईल.’ शेवटचा मेल तो गेला त्याच्या चार दिवस आधीचा होता. त्यात फक्त, ‘सतीश?’ एवढंच.

मी बायकोला हाक मारली आणि लॅपटॉप तिच्यापुढे सरकवला. तिने सगळं वाचलं. एरवी तिच्याकडे प्रत्येक गोष्टीवर बोलायला काहीतरी असतं. त्या दिवशी ती माझ्या शेजारी बसून राहिली. तेव्हापासून आजपर्यंत मी या धक्क्यातून बाहेर आलेलो नाही, आणि हे लिहूनही येईन असं वाटत नाही. माणूस गेला हे एकवेळ मन मान्य करतं. तो रोज आपल्या दाराशी उभा होता आणि दार आपणच आतून लावून घेतलं होतं, याचं काय करायचं?

सही पाठवायला दोन मिनिटं लागली असती. पण न तपासता सही मी एकदा केली होती. गोदामातले आमचे बोर्ड सीलबंद पेट्यांत असतात, उघडता येत नाहीत. मी तेव्हा परत केलेला तो बोर्ड उघडा होता फक्त मुनीरच्या टेबलावर. तिसऱ्या आठवड्यात एका रविवारी सकाळी मी लॅपटॉप घेऊन त्याच्याकडे गेलो. भाभी इद्दतमध्ये, म्हणजे नवरा गेल्यावर पाळायच्या एकांतात, आहेत, परक्या पुरुषासमोर येत नाहीत. इतकी वर्षं माझ्यासमोर बसून मला चेष्टेने ‘सायब’ म्हणणाऱ्या भाभी पडद्याआडून बोलल्या, “भाऊ, सबाला सांगलंय, ती वरची खोली उघडते.” नुसता आवाज. पडद्याच्या या बाजूला मी चपला काढत उभा. बरं म्हणालो.

वरच्या खोलीत त्याचा कॉम्प्युटर चालूच होता. सबा कॉलेजात शिकवते, समंजस मुलगी. ती म्हणाली, “काका, बंद कसा करायचा ते येतं मला. पण अब्बांचं काही अर्धवट राहिलेलं असलं तर जाईल, म्हणून हात लावला न्हाय.” मी तिला फ्रीजरमधला चमचा आणायला सांगितला. तिला आश्चर्य वाटलं नाही. मी बोर्ड सुरू केला, चमचा पहिल्या जागी टेकवला, मिनिटभर थांबलो. मग प्रोसेसरवर. तिसरा आकडा उतरायला लागला, एकावन्न हजार, पन्नास, एकोणपन्नास. मग वीजपुरवठ्याच्या भागावर, दुसरा आकडा उतरला. मुनीरने लिहिलं होतं तस्संच. मी सगळं पुन्हा एकदा केलं. बोटं बधिर झाली होती. सबा आकडे कागदावर लिहून घेत होती, तिला कुणी सांगितलं नव्हतं तरी.

मग मी तिथेच, त्याच्या खुर्चीवर नाही, बाजूच्या स्टुलावर बसून त्या पहिल्या मेलला उत्तर लिहिलं. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांच्या सगळ्या यादीला जाईल असं, सर्वांसमोर. लिहिलं की मी हे आज स्वतः हाताने तपासलं. लिहिलं की गेल्या वेळी मुनीरने मला विचारलं होतं आणि मी तपासलं नसताना हो म्हणालो होतो, ती चूक चिपची किंवा राखणदाराची नव्हती. पॅच चौदा महिने अडला तो माझ्यामुळे. त्याखाली माझी सही. सबाने ते माझ्या खांद्यावरून वाचलं असावं. मी मेल पाठवला.

आणि जिन्यात कर्कश घंटा वाजली. दारावरची बेल असते तशी, पण कितीतरी मोठी, पूर्वी शाळेत शिपाई बटण दाबून वाजवायचा तसली. आम्ही दोघं दचकलो. सबा म्हणाली, “कोण आलं?” आणि धावत खाली गेली. दार उघडल्याचा आवाज आला, लावल्याचा आला. वर येऊन म्हणाली, खाली कुणीच नाही.

खालून, पडद्याआडून, भाभी म्हणाल्या, “ती दाराची न्हाय, सबा.” मग मला विचारलं, “भाऊ, तुमी मेल पाठवला काय आता?”

मी हो म्हणालो.

“तुमचा मेल आला की वाजावी म्हणून त्यांनी लावलेली. फक्त तुमच्यासाठी. खाली लूमच्या आवाजात फोन ऐकू येत न्हाय ना, म्हणून एवढी मोठी आणली… लावली तवापासून एकदा पण वाजली न्हाय. मी त्यांना सारखी सांगायचे, बिघडलीय ती, काढून टाका.”

मी म्हणालो, “नाही भाभी. बिघडली नव्हती.”

मग त्यांनी सबाला माझ्यासाठी चहा टाकायला सांगितलं.